ताईचं बीजगणित

वरंध घाट उतरून एसटी खाली आली की आधी वास येतो आणि मग गाव दिसतं. माघ सरता सरता तो वास राबाचा असतो. शेताच्या एका तुकड्यावर पालापाचोळा, शेण, सुकलेल्या फांद्या पसरून पेटवतात, म्हणजे पावसाळ्यात तिथं भाताची रोपं जोमानं उठतात. त्या धुराला थोडा गोड, थोडा खवखवीत वास असतो, आणि तो आला की परीक्षा जवळ आल्याची भीती जागी होते. यंदा जानेवारीपासून दर शनिवारी मी पुण्याहून याच गाडीनं येत होते, कारण माझी मोठी बहीण पंचेचाळिसाव्या वर्षी बाहेरून दहावीला बसली होती.

ताई वरंधजवळच्या एका गावात दिलेली. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या कँटीनमध्ये ती बारा-पंधरा वर्षं पोळ्या लाटते आहे. तिथली मुख्य बाई जूनमध्ये काम सोडणार होती. ठेकेदार म्हणाला, तुम्हालाच नेमतो, पण निदान दहावी पास पाहिजे. एवढं ऐकून ताईनं फॉर्म भरला आणि मला फोनवर हुकूम सोडला, "बाकीचं माझं मी बघते. ती वर्गसमीकरणं तेवढी तू शिकव. पुण्यात लोकांच्या पोरांना शिकवतेस ना? मग मला शिकवायला काय धाड भरली?"

मी पुण्यात गणिताचे क्लास घेते. वर्गसमीकरणं मी झोपेतसुद्धा सोडवीन. पण ताईसमोर पुस्तक उघडून बसायच्या कल्पनेनंच मला घाम फुटला होता. जिचं हिसकावून घेतलं तिलाच ते परत शिकवायला जायचं, तर कुठल्या तोंडानं जायचं? मी गेले, कारण नाही म्हणायचा अधिकार मला नव्हता.

आमचं माहेर पोलादपूरच्या डोंगरात, कुडपणच्या अंगाला. शाळा खाली, वाडी वर. सकाळी उतरताना करवंदीच्या जाळ्या, संध्याकाळी चढताना त्याच जाळ्या, फक्त भूक जास्त. पावसाळ्यात ढग सरळ वर्गात येऊन बसत, कारण खिडक्यांना गज होते, तावदानं नव्हती. फळा घामेजायचा. खडू मऊ पडून लिहायचा बंद झाला की शिपाई तो आपल्या चुलीशी नेऊन शेकून आणायचा, आणि मग सरांच्या अक्षरांना किंचित धुराचा वास यायचा.

मी सातवीत होते, ताई दहावीत. दोन्ही वर्गांच्या मध्ये प्लायवुडची फळी होती, त्यामुळे आमच्या इतिहासात त्यांचं बीजगणित सारखं घुसायचं. त्यांचे सर घाटावरचे होते. समीकरण सोडवण्याआधी ओळखायला शिका, हा त्यांचा हट्ट. "सोयरीक करताना आधी घराणं बघता की नाही? मग समीकरणाचं घराणं नको बघायला?" असं म्हणून ते फळ्यावर एकेक समीकरण लिहायचे आणि विचारायचे, हे वर्गसमीकरण आहे का? सगळा वर्ग ओरडायचा, "हाय!" किंवा "नाय!" पहिल्या वर्षी सरांनी 'आहे म्हणा, नाही म्हणा' करून पाहिलं. पुढं त्यांनीच हात टेकले आणि तेही विचारू लागले, "काय रे, हाय का नाय?"

सर वस्ताद होते. मध्येच एखादं फसवं समीकरण टाकायचे. एक्स अधिक दोनचा वर्ग बरोबर एक्स वर्ग अधिक नऊ. डोक्यावर दोन चढवलेला एक्स दिसला की पोरं खिडकीतली पाखरं उडवतील अशी ओरडायची, "हाय!" आणि मग एकटा, उशिरा, ताईचा आवाज यायचा, "नाय." कंस सोडवला की दोन्हीकडचे एक्स वर्ग एकमेकांना कापून टाकतात, उरतं ते साधंसुधं समीकरण. ते तिनं मनातल्या मनात सोडवलेलं असायचं. फळीच्या अलीकडं मी आमच्या वर्गातल्यांकडं अशी बघायची, की जणू ते 'नाय' मीच म्हटलं होतं.

आषाढात लावणीला शाळा बुडायची, अभ्यास बुडायचा नाही. गुडघाभर चिखलात रोपं रोवताना मी या बांधावरून ओरडायची, "गुणाकार चोवीस, बेरीज अकरा!" आणि त्या टोकाकडून ताई मान वर न करता, "आठ नि तीन!" मधलं पद फोडायचं तर अशा जोड्या पटकन सुचाव्या लागतात, म्हणून तिनंच हा खेळ काढला होता. "गुणाकार उणे बारा, बेरीज एक!" "चार, नि उणे तीन!" आजूबाजूच्या बायकांना वाटायचं, या पोरी कसला तरी मंत्र म्हणतात. एकदा मी खोडी काढली, गुणाकार दहा, बेरीज आठ. अशी जोडी पूर्ण संख्यांत मिळतच नाही. ताई सबंध दुपार ती शोधत राहिली, जेवतानासुद्धा. घासाघासाला ओठ हलत होते. लावणी उरकून शाळेत गेल्यावर सरांनी तिला सूत्र दाखवलं, आणि ती घरी येऊन मला एक धपाटा घालून म्हणाली, "अवयव नाय पडले तरी उत्तर असतं, गाढवे."

वर्गसमीकरण मी तिथं शिकले. चिखलात, तिच्या आवाजावर. आज माझ्या क्लासच्या पाटीवर माझं नाव आहे. त्यावर तिचं असायला हवं होतं असं मला फार वेळा वाटतं, आणि वाटूनही पाटी काही मी बदललेली नाही.

मग त्या वर्षीचा फाल्गुन आला. आमच्याकडं दहावीची परीक्षा आणि शिमगा हटकून एकमेकांच्या पायात येतात. पालखी वाड्यावाड्यांतून फिरायची, खालू बाजा वाजायचा. ती सनई आणि तो ढोल एकदा डोंगरात घुमू लागला की गुरंसुद्धा कान टवकारायची. आणि नेमक्या त्या दिवसांत मला कांजिण्या आल्या. घरात बाया, म्हणजे देवी, आल्या की फोडणी बंद. रोजचा तो लसणीचा, मोहरीचा वास एकाएकी नाहीसा झाला आणि घर कुणा परक्याचं वाटू लागलं. आईनं महाडहून कडुनिंबाचे ढाळे आणवले. अंगाची आग व्हायची. ताई उशाशी बसून ढाळ्यानं हळूहळू वारा घालायची, आणि दुसऱ्या हातात बीजगणित. बाया आलेल्या घराच्या दारात पालखी येत नाही, त्यामुळे त्या वर्षी आमच्या अंगणात रांगोळीही पडली नाही. लांबून बाजा ऐकू यायचा आणि आमच्या घराला वळसा घालून निघून जायचा.

बीजगणिताच्या पेपराच्या आदल्या रात्री माझा ताप चढला होता. मी ताईचा हात धरून ठेवला. ती पान उलटायला हात सोडवायची, मी रडायची, ती पुन्हा हात द्यायची. सकाळी ती लाल डोळ्यांनी डोंगर उतरून पेपराला गेली. ती त्याच एका विषयात नापास झाली.

ऑक्टोबरातल्या फेरपरीक्षेच्या वेळी कापणी होती. मग तिला बघायला लोक येऊ लागले. तिचं बीजगणित माझ्या फडताळात आलं. मी दहावीत गेले तेव्हा पाण्याची माझी पाळीही ताईनंच केली, म्हणजे मला अभ्यास करता यावा. मी पडवीत बसून सूत्र घोकायची आणि समोरून ती डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन झऱ्यावरून चढून यायची. पाणी डचमळून पायऱ्यांवर सांडायचं. माझी मान पुस्तकातच असायची. मला चांगले गुण मिळाले, पेढे वाटले, आणि वाडीभर पेढे घेऊन ताईच फिरली.

मला हे कधी पचलं नाही. पुण्याला गेले, शिकले, शिकवू लागले, घर झालं. प्रत्येक सुखाच्या वेळी वाटायचं, हे आपण तापात धरलेल्या त्या हातातून ओढून आणलंय. मग मी दर दिवाळीला तिला भारीतली साडी न्यायची. साडी देताना तिच्या तोंडाकडं बघवायचं नाही, म्हणून पदराच्या रंगाबद्दल खूप बोलायची.

अशी ही मी, तिच्या ओसरीवर चटई टाकून बसले. ताईच्या हातांना कणकेचा आणि भांड्यांच्या साबणाचा वास. नवं पुस्तक गुळगुळीत, रंगीत. तिनं त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ओळखायला मला येतं अजून. तू लिही, मी सांगते." मी लिहीत गेले, आणि ती भर दुपारी शाळेतल्यासारखी ओरडत गेली, "हाय! नाय! हाय!" आत भावजी रात्रपाळी करून निजले होते. ते आतून करवादले, "अगो, हळू. शेजारच्यांना वाटंल मी मारतोय." ताई तोंडाला पदर लावून हसली. मला हसताना रडू येत होतं. इतकी वर्षं या बाईनं पोळ्या लाटल्या, आणि फसव्या समीकरणाला ती अजून फसत नव्हती.

सोडवण्याचं मात्र अवघड गेलं. हात विसरला होता. शाब्दिक उदाहरणांत तर ती भांडायचीच. एका आयताकृती शेताची लांबी रुंदीपेक्षा एवढी जास्त, म्हटल्याबरोबर तिनं विचारलं, "असलं शेत हाय कुठं?" आणि खरंच, आमच्या डोंगरात सगळी शेतं डोंगराच्या पोटाला बिलगलेली, भाकरीच्या तुकड्यासारखी. दोन उत्तरं आली, एक धन, एक ऋण. मी सवयीनं सांगितलं, "लांबी ऋण नसते, म्हणून हे सोडून द्यायचं." ताई म्हणाली, "सोडून काय द्यायचं? ते पण बरोबर गणित करूनच आलंय ना?" पुण्यात इतकी पोरं बसवली समोर, हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "शेताला चालत नाही गो, समीकरणाला चालतं." ती "बरं" म्हणाली, पण त्या उत्तरावर तिनं काट मारली नाही.

दर रविवारी परतीची गाडी पकडायच्या आधी मी तिला पुढच्या आठवड्याची गणितं काढून द्यायची आणि गाडीत बसल्यावर मनात एकच घोळायचं. ही पास झाली नाही तर? ठेकेदार दुसऱ्या कुणाला नेमणार होता. पण मला खरी भीती त्याची नव्हती. ही पुन्हा नापास झाली, तर माझ्या डोक्यावर दुसरं नापास चढणार होतं, आणि पहिलंच मला पेलवत नव्हतं. बहिणीच्या परीक्षेतसुद्धा मी माझाच हिशेब मांडत होते, हे घाटातल्या एका वळणावर माझ्या ध्यानात आलं आणि मला माझी शरम वाटली.

पेपराच्या आधीचा शेवटचा रविवार. ओसरीवर वाल सुकत घातले होते. ताईनं उदाहरण घेतलं, एक्स वर्ग बरोबर पाच एक्स. तिनं दोन्ही बाजूंना एक्सनं भागलं आणि झटकन लिहिलं, एक्स बरोबर पाच. सगळे करतात ती चूक. असं भागलं की शून्य हे दुसरं उत्तर हरवतं. मी तिच्या हातातून पेन्सिलच काढून घेतली. "अगं ताई, शून्य राहिलं! पाच एक्स अलीकडं घे, एक्स सामाईक काढ, हे बघ, असं..." आणि मीच लिहून टाकलं.

ताईनं हात पुढं केला. "पेन्सिल दे."

"नाही, मी एकदा दाखवते ना."

"दे म्हटलं ना. दर वेळी हिसकावतेस. मला चुकू दे की जरा. चुकले तर माझं मी बघीन, कुठं चुकलं ते."

हिसकावतेस, हा शब्द तिनं उच्चारला मात्र, माझा बांध फुटला. मी भडाभडा बोलून गेले. कांजिण्या, ताप, धरून ठेवलेला हात, तिचे लाल डोळे. मी आजारी पडले नसते तर ती पास झाली असती, शिकली असती, माझ्या जागी ती असती. एवढ्या वर्षांत एकदाही तोंडातून काढलं नव्हतं ते सगळं. शेवटी तर मी लहान पोरीसारखी हुंदके देत होते.

ताई वालाच्या शेंगा चाळवत ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "तुला कुणी सांगितलं मी तुझ्या तापानं नापास झाले?"

"सांगायला कशाला पाहिजे?"

"मी पेपर सोडून आलेली गो."

मी डोळे पुसले.

"अर्धा झाला होता. वर्गसमीकरणाचा प्रश्न आला. बघितल्या बघितल्या ओळखलं, हाय. सोडवायचं तेवढं राहिलेलं. तेवढ्यात बाजा आला. आपली पालखी त्या दिवशी खाली उतरली होती, खालच्या गावच्या पालखीला भेटायला. केंद्राच्या मागल्या वाटेनंच चालली होती. तो ढोल ऐकला नि माझा हातच चालंना. सर म्हणाले, बस, वेळ हाय अजून. मी नाय बसले. पेपर दिला नि पळाले." ती हसली, आणि क्षणभर ती सोळा वर्षांची दिसली. "दोन पालख्या कपाळाला कपाळ लावून नाचवल्या बघ त्या दिवशी. सांज होईपर्यंत मी मागं मागं फिरत होते. गणवेशात. असली मजा मी परत केली नाय जन्मात. मग घरी आले नि तोंड पाडून बसले. सगळ्यांना वाटलं, पेपर अवघड गेला."

त्यावर मला काय सुचावं! मी म्हटलं, "पण आपल्या दारात पालखी माझ्यामुळेच आली नाही ना त्या वर्षी? कांजिण्या होत्या म्हणून? ती आली असती तर तू कशाला पेपर सोडून..."

"झालं!" ताईनं कपाळावर हात मारला. "तिकडनं फिरून परत तूच? काय गो, सगळं तुलाच पाहिजे? पास पण तू, नि माझं नापास पण तुझंच?" तिचा आवाज चढला, आणि मग एकदम खाली आला. "नापास मी झालेली, बाय. माझ्या पायांनी उठून झालेली. तेवढं तरी माझ्याकडं राहू दे."

अंगणात कोंबड्या वालापाशी येत होत्या. तिनं त्यांना हुसकलं. ती उठून आत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातांवर साड्यांची चळत होती. माझ्याच साऱ्या, दिवाळ्यादिवाळ्यांच्या. बहुतेकांच्या घड्या मोडलेल्या नव्हत्या. "ह्या तू माझ्यासाठी नाय आणायचीस," ती म्हणाली, "तुझ्यासाठी आणायचीस. म्हणून नेसवत नाय मला."

"मग काहीच नाही का माझ्याकडून झालं? ते पाणी? माझी पाळी तू..."

ताईनं खरोखर विचार केला. "पाण्याचा कंटाळा यायचा," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? चढ चढताना शिव्या द्यायची मी तुला. एकदा पण म्हणाली नायस, ताई, आज मी जाते. त्याचं तुला वाटत असंल तर वाटू दे. ते रास्त हाय."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं का? एवढी वर्षं जो डोंगर मी वाहिला तो माझा नव्हताच, आणि खरा जो माझा होता तो पायऱ्यांवर सांडणाऱ्या पाण्याएवढा, पण नेमका. त्याला काहीच सबब नव्हती. तापात माणूस हात धरतो, त्यात त्याचा दोष नाही. मी धडधाकट होते, पुस्तक घेऊन बसले होते आणि मान वर केली नव्हती. तो मोठा अपराध मी इतकी वर्षं कुरवाळत बसले, तो बहुधा या लहानाकडं बघावं लागू नये म्हणूनच. आणि त्या मोठ्या अपराधापायी मी तिच्याकडं एक बिचारी बहीण म्हणून बघत आले, ही नवी टोचणी त्यात मिळाली. जन्मातली सगळ्यात मोठी मजा जिनं पेपर सोडून केली, ती बाई बिचारी कशी असेल?

पेन्सिल मी तिला दिली. तिनं ते उदाहरण खोडलं आणि पहिल्यापासून केलं. पुन्हा चुकली. मी ओठ दाबून धरले. तिसऱ्यांदा ती थांबली, वर बघितलं, खाली बघितलं, आणि म्हणाली, "अगो, शून्य पण चालतं की ह्याला!" मी फक्त मान हलवली. मला ते फार कठीण गेलं.

परीक्षेला ये, असं ती म्हणाली नाही. उलट बजावलं, "केंद्रावर येऊन उभी राहू नको. आत बसून तुझाच विचार करत बसेन मी." तिनं बैठक क्रमांकही मला सांगितला नाही. पेपराच्या वेळी मी पुण्यात क्लासमध्ये होते. पोरांना उदाहरण घातलं आणि खुर्चीत बसून राहिले. अपराधीपणा असा सुटत नाही, कुठं बसायला जागा मिळते का बघत तो मनात येरझारा घालत होता. एका पोरानं चूक केली. मी ती दाखवली नाही. तो बराच वेळ त्या ओळीकडं बघत राहिला.

निकालाच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. महाडला नेट कॅफेत जाऊन तिनं निकाल बघितला होता. मागं एसटी स्टँडवरचा गोंगाट, कंडक्टर पोलादपूर-पोलादपूर ओरडत होता.

"बाय, झाले," ती म्हणाली. "गणितात अडतीस. उद्याच कागद नेऊन ठेवते ठेकेदाराच्या टेबलावर."

माझ्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं आणि तोंडातून निघून गेलं, "ताई, झालो गो आपण पास!"

पलीकडं गाडी सुटल्याची घंटा वाजली. मग ती म्हणाली, अगदी मायेनं, पण ठासून, "आपण नाय गो. मी."

"हो ताई," मी म्हटलं. "तू."